नोंद घेण्यात आली

माझे वडील दौंडला रेल्वेत सहायक स्टेशनमास्तर होते. रात्रपाळी असली की त्यांचा डबा घेऊन मी स्टेशनावर जाई आणि परत निघायचे विसरून त्यांच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसून राही. पुढच्या स्टेशनाकडे ते फोनवर 'लाइन क्लिअर' मागत. तिकडून ती मिळाली की तिच्यासोबत एक खाजगी क्रमांक येई. अण्णा तो मोठ्याने परत म्हणत, वहीत मांडत, पुढे वेळ लिहीत, आणि मगच गाडीचे काय ते ठरे. तिकडून 'पस्तीस' आले की इकडून 'तीन पाच, पस्तीस' असे परत जायचे. मला ह्या प्रकाराची मोठी गंमत वाटे. एकदा मी विचारले, "अण्णा, तुम्हाला ऐकू आलं ना? मग परत कशाला म्हणता?"

पोळीचा तुकडा मोडता मोडता ते म्हणाले, "मला ऐकू आलं, हे त्याला ऐकू यायला नको का?"

आगगाडीच्या भाषेत शब्दाला एकच अर्थ असतो. दुसरा निघालाच, तर तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळतो. अशा भाषेत वाढलेला मी, आणि पोटासाठी पत्करले मराठीचे अध्यापन, जिथे एका ओळीचे तीन अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्याला दोन लावणाऱ्यापेक्षा अधिक गुण द्यावे लागतात! नोकरी लागली शिरूरला. जुनी माणसे ह्या गावाला अजून घोडनदी म्हणतात. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे आठवडाभर शिरूरला खोलीवर आणि शनिवारी दुपारी एसटीने न्हावऱ्यावरून दौंडला घरी, असा माझा संसार दोन तालुक्यांत वाटला गेला आहे. सौ. म्हणते, "बरंच आहे. भांडायलासुद्धा शनिवारपर्यंत थांबावं लागतं. तोवर निम्मी भांडणं विसरून जातात."

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे काही कामे जग आपण होऊन आणून टाकते. लग्नपत्रिकेचा मजकूर, निरोपसमारंभाचे मानपत्र, शोकसभेचा ठराव, कुणाच्या तरी नातवासाठी 'ग'वरून नाव. एका संस्थेच्या समितीवर मी काही वर्षे होतो. (तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा संस्था प्रत्येक तालुक्यात असतात.) तिथे ह्या यादीत सभांचे इतिवृत्त लिहिण्याच्या कामाची भर पडली. राज्याचा कारभार मराठीतून व्हावा म्हणून १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, आणि कागदावर तरी आपण मराठीचा मान ठेवतो. म्हणजे असे की, सभेत बोलताना इंग्रजी-मराठीची मिसळ चालते, इतिवृत्त मात्र सोवळ्यात असते. अध्यक्षमहाराज म्हणणार, "ते जरा नेक्स्ट मीटिंगला घेऊ." मी लिहिणार, 'सदर विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा असे सर्वानुमते ठरले.' दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी शेवटी 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' हे वाक्य ठरलेलेच. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत एक टीप असते, ती तर मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवतो. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल, आणि त्या सभेला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे माणसे आली नाहीत तर अर्धा तास त्यांची वाट पाहायची, आणि मग ती नसली तरी चालेल असे ठरवायचे!

ह्या साऱ्याकडे मी अनेक वर्षे गंमत म्हणूनच पाहत होतो. ती गंमत कशी सरली ते सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी थोडे रशियाच्या वाटेने जाऊन यायला हवे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, न्हावऱ्याजवळच्या एका वाडीवरची. बी. ए.ला मराठी घेतलेल्या मुली बहुधा बी. एड.कडे वळतात. ही पुण्याला गेली आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकू लागली. तिच्या घरच्यांनी मला दोष दिला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. प्रवासवर्णन शिकवताना मी एकदा अफनासी निकितीनची गोष्ट सांगितली होती. त्वेर शहरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी, एक घोडा विकायला घेऊन आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला आला आणि पावसाळाभर चिखलात अडकून पडला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तरच तो परत मिळेल अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी रशियनांच्या भागीदारीत १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला होता. नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. पण वर्गात मला सांगायचे होते ते निराळेच. हा निकितीन आपली टिपणे रशियनमध्ये लिहिता लिहिता मधूनच तुर्की-फारशीच्या खिचडीत शिरतो, आणि तेही पुष्कळदा जिथे उघड लिहायला जड जावे अशा जागी. अवघड जागी भाषा बदलायची ही युक्ती पाचशे वर्षांची जुनी आहे, असे मी म्हणालो आणि तास संपला. मुले घोडा लक्षात ठेवून गेली. ह्या मुलीने युक्ती लक्षात ठेवली.

आता ती कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दुभाषी आहे आणि दौंडलाच राहते. कारखान्याचा माल रशियात जातो. दर आठवड्याला पडद्यावर बैठक भरते. इकडे आमची साहेबमंडळी इंग्रजीत, तिकडे ते लोक रशियनमध्ये, आणि मध्ये ही, दोन्ही बाजूंची सासुरवाशीण! एका रविवारी ती वही घेऊन घरी आली आणि म्हणाली, "सर, रशियन मला येतं, इंग्रजीही येतं. पण बैठकीतलं इंग्रजी रशियनमध्ये नेता येत नाही. आधी मराठीत त्याला काय म्हणायचं ते सांगा, म्हणजे पुढचं मी बघते."

मला तिचे म्हणणे पटकन कळले, कारण मी दौंडचा. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या दौंडला येत आणि तोंड फिरवून पुढे जात. पुण्याकडचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. नवख्या प्रवाशाला वाटे की गाडी परत पुण्यालाच निघाली. इंग्रजीतून रशियनला जाणारी तिची गाडी अशीच मराठीच्या दौंडाला थांबून तोंड फिरवत होती. सौ.ने चहा ठेवला आणि आमचे काम सुरू झाले.

पहिले काही तास मोठे मजेत गेले. डोक्याला डोके लावून नवे काही सुचवायचे ह्याला इंग्रज 'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणतो. त्याच्या मेंदूत वादळ होते. रशियन त्यालाच 'मज्गवोय श्तुर्म' म्हणतो, आणि श्तुर्म म्हणजे किल्ल्यावर चढवलेला हल्ला. आपण म्हणतो विचारमंथन. एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती बसून एकाने वादळ उठवायचे, दुसऱ्याने तट फोडायचा आणि तिसऱ्याने रवी घेऊन ताक घुसळत बसायचे! ढोबळ आकड्याला ते लोक 'बॉलपार्क फिगर' म्हणतात. हा शब्द बेसबॉलच्या मैदानावरचा. त्याला मराठी काय, ह्यावर मी डोके खाजवत असता स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "नजरअंदाज म्हणा. पैसेवारीत नाही का म्हणत?" शिरूरच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पीक बांधावरून नजरेने जोखायचे, ती नजरअंदाज पैसेवारी. ती पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू. हिंदीत ह्याच शब्दाचा अर्थ 'दुर्लक्ष' असा होतो, आणि एखाद्या वर्षी दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

'डेडलाइन'पाशी मात्र आम्ही दोघेही जरा गप्प झालो. अमेरिकेच्या यादवी युद्धात कैद्यांच्या छावणीभोवती एक रेषा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. तिचे हे नाव. आपण 'अंतिम मुदत' म्हणतो आणि पंधरा दिवसांची वाढ मागतो. 'टेबल करणे' तर त्याहून घातकी. इंग्रजाच्या तोंडी त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणे. अमेरिकनाच्या तोंडी तोच विषय बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत ह्या एका शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला. हवे होते दोघांनाही एकच. चर्चिलने आपल्या महायुद्धाच्या इतिहासात ही हकीकत नमूद केली आहे. एक भाषा बोलणाऱ्यांची ही गत, तर आमच्या मुलीने काय करावे?

फक्त एका ठिकाणी तिला गाडीचे तोंड फिरवावेच लागले नाही. साहेब शेवटी म्हणतात, "वुई विल सी." त्याला रशियन शब्द 'पस्मोत्रिम'. पाहणे ह्याच धातूपासून झालेला, आणि अर्थ नेमका आपला 'बघू'. मुलीच्या स्थळापासून रस्त्याच्या खड्ड्यापर्यंत सर्व प्रश्नांवर आपण हेच उत्तर देतो. 'नाही' म्हणण्याचे धैर्य नसलेल्या सभ्य माणसांसाठी देवाने हा शब्द निर्माण केला असावा, आणि त्याने तो व्होल्गेच्या काठी आणि भीमेच्या काठी सारखाच वाटला.

संध्याकाळ झाली. वहीच्या शेवटच्या पानावर एकच शब्द उरला होता: 'नोटेड'.

"हा तर सोपा," मी म्हणालो. "लिही. नोंद घेण्यात आली."

तिने लिहिले नाही. म्हणाली, "सर, ह्याच्यामुळे माझी नोकरी जायची वेळ आली होती."

झाले होते असे. तिकडच्या ग्राहकाने तक्रार केली की खोक्यांवरच्या चिठ्ठीत एक चूक आहे, ती पुढच्या खेपेआधी दुरुस्त करा. इकडचे साहेब म्हणाले, "नोटेड." रशियन कागदपत्रांच्या भाषेत ह्याला दोन दारे आहेत. 'क स्वेदेनियू' घेतले म्हणजे माहितीसाठी घेतले. कळले, विषय संपला. 'क इस्पल्नेनियू' घेतले म्हणजे अंमलबजावणीसाठी घेतले. आता करणे आले. साहेबांच्या एका शब्दाने दुभाषी दोन दारांपुढे उभी. तिने सरळ मनाने दुसरे दार उघडले. पुढची खेप त्याच चुकीच्या चिठ्ठ्या घेऊन गेली. ग्राहक म्हणाला, तुम्ही कबूल केले होते. साहेब म्हणाले, मी काहीच कबूल केले नव्हते. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या! खोटी ठरली ती मधली.

"मग?"

"मग पुढच्या बैठकीत साहेब पुन्हा नोटेड म्हणाले. मी भाषांतर केलंच नाही. त्यांच्याकडे वळून विचारलं, सर, माहितीसाठी की करण्यासाठी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुभाष्यानं मध्ये प्रश्न विचारायचा नसतो. साहेब चिडले. पण मग त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं आणि तारीख सांगितली. मी ते नाव आणि ती तारीख तिकडे सांगितली. तिकडचा माणूस ती परत म्हणाला."

परत म्हणाला. मला एकदम अण्णांचा फोनवरचा आवाज आठवला. 'तीन पाच, पस्तीस.'

चहाचे कप उचलायचे निमित्त करून मी आत गेलो. त्या मुलीला ठाऊक नव्हते की हाच शब्द मी चार सभांच्या इतिवृत्तांत, सुवाच्य अक्षरात, लिहिलेला आहे.

त्या संस्थेत एक शिपाई होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. अकरा वर्षे रोजंदारीवर. सेवेत कायम करावे म्हणून त्यांनी अर्ज केला. तोही मीच लिहून दिला होता. सभेत अर्ज निघाला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले, म्हणाले, "नोटेड," आणि पुढचा विषय घेतला. मी लिहिले, 'सदर अर्जाची नोंद घेण्यात आली.' दाराबाहेर मामा उभे होते. त्यांनी नुसते डोळ्यांनी विचारले. मी म्हणालो, "मामा, नोंद घेतलीय." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी एक खाल्लासुद्धा.

खेड्यातल्या माणसाला नोंद म्हणजे काय वाटते, हे मला कळायला हवे होते. नोंद म्हणजे तलाठ्याकडची. सातबारावर नाव चढले म्हणजे नोंद. एकदा झाली की बापजाद्यांची होते. माझी नोंद तशी नव्हती. पुढच्या वर्षी तोच अर्ज आला, तीच नोंद झाली. तिसऱ्या वर्षी रांजणगावच्या वसाहतीत एका कारखान्यात पहारेकऱ्याची कायम जागा निघाली, आणि मामांचा मेहुणा निरोप घेऊन आला. मामांनी मला विचारले, "जाऊ का, सर?" मी म्हणालो, "इतकी वर्षं काढलीत. अर्ज विचाराधीन आहे. थांबा." चौथ्या नोंदीनंतर संस्थेने शिपायांचे काम एका कंत्राटदाराला दिले. कंत्राटदाराला तरुण माणसे हवी होती.

त्या रात्री मी भाषेवर खापर फोडून पाहिले. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. शिवाजीमहाराजांनी फारशी शब्द हटवण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली पदनाम कोश आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून महाराष्ट्रभर हसे पिकवले. पण माझा शब्द बोजडही नव्हता आणि चुकीचाही नव्हता. उलट इतके बिनचूक भाषांतर मी क्वचितच केले असेल. अध्यक्षांना जे म्हणायचे नव्हते, तेसुद्धा मी मराठीत जसेच्या तसे उतरवले होते. व्याकरणाच्या तासाला आम्ही 'रामाने आंबा खाल्ला' हे उदाहरण देतो. कर्मणी प्रयोग असला तरी त्यात राम शिल्लक असतो; आंबा कोणी खाल्ला ते कळते. 'नोंद घेण्यात आली' ह्यात कोणी घेतली? पुढे कोण काय करणार? त्या वाक्यात रामच नाही! रशियन इतिवृत्तातही असेच असते, असे ती मुलगी सांगत होती. 'स्लूशाली', 'वीस्तुपिली', 'पस्तनवीली', म्हणजे ऐकले, बोलले, ठरवले. कोणी, ते क्रियापद सांगत नाही. तेव्हा दोष इंग्रजीचा नाही, मराठीचा नाही, रशियनचाही नाही. त्या खोलीत दोन्ही भाषा जाणणारा मी एकटा नव्हतो, पण विचारण्याचे काम माझे होते. कलम माझ्या हातात होती. "अध्यक्षमहाराज, माहितीसाठी की करण्यासाठी?" एवढे सहा शब्दही नसलेले वाक्य. चार वर्षांत ते माझ्या तोंडून निघाले नाही.

ती मुलगी हल्ली येते तेव्हा वही आणत नाही. दौंडच्या बाहेरून कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या तोंड न फिरवता परस्पर नगरकडे जातात. "मीसुद्धा आता तिकडूनच जाते, सर," असे ती हसत म्हणाली. मला आनंद झाला, आणि थोडे वाईटही वाटले. दौंडकरांना त्या नव्या स्टेशनाबद्दल असेच वाटते.

गेल्या महिन्यात शनिवारी शिरूरच्या स्टँडवर मामा भेटले. एका मंगल कार्यालयावर रात्रीचा पहारा करतात, म्हणाले. मी बऱ्याच दिवसांपासून जुळवून ठेवलेले बोलणे बोलून टाकले. नोंद म्हणजे काय होते, ते मला तेव्हाच ठाऊक होते, आणि तरी मी त्यांना थांबा म्हणालो, हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या, सर. पेढा गोड लागला होता ना?" थोड्या वेळाने म्हणाले, "थोरला आयटीआय झालाय. फिटर. कुरकुंभला तुमच्या ओळखीचं कुणी हाय म्हणं."

'बघू' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. तो तिथेच धरून मी डायरीचे पान फाडले. मुलाचे नाव लिहिले. उद्या रविवारी संध्याकाळी सात वाजता मी कुरकुंभच्या माणसाला फोन करणार. भरती निघाली असेल तर मुलाने मंगळवारी दहा वाजता फाटकाशी जायचे. नसेल तर तसे मी सोमवारी मामांना कळवणार. खाली माझे नाव आणि फोनचा आकडा घातला.

मामांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "ही पण नोंदच का, सर?"

"मामा," मी म्हणालो, "काय लिहिलंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवा."

ते एकेक अक्षर लावत वाचू लागले. मंगळवारपर्यंत आले असतील नसतील तोच दौंडची गाडी फलाटाला लागली. आत जागा धरण्यासाठी लोकांनी खिडकीतून रुमाल टाकायला सुरुवात केली. मी तिथेच उभा राहून पुढचे ऐकत होतो.